मुक्कामी गाडीतली कादंबरी

भूमचे नाव निघाले की लोकांना खवा आठवतो. तालुक्यात गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत आणि कुंथलगिरीचा पेढा तर जिल्ह्याबाहेरही ओळखीचा झाला आहे. जैन बांधव कुंथलगिरीला सिद्धक्षेत्र मानतात. आचार्य शांतिसागर यांनी 1955 साली तेथेच सल्लेखना घेतली. बालाघाटाची उघडी माळराने, वरचेवर पडणारा दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे ही या भागाची दुसरी ओळख. पुस्तकाच्या प्रकाशनासाठी मात्र भूमचे नाव कोणी घेतल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. म्हणूनच एस. टी.च्या एका कंडक्टरने सहा वह्यांत लिहिलेली पहिली कादंबरी येथून छापून बाहेर कशी पडली, ते वाचकांना सांगावेसे वाटते. त्यात माझा वाटा श्रोत्याचा आणि थोडाफार मुद्रितशोधकाचा.

हे गृहस्थ आमच्या धर्मग्रामातले नव्हेत. माझे फिरणे बहुतेक एस. टी.ने होते, तेव्हा ओळख झाली ती तिकिटापासून. एस. टी.तील चालक आपल्या कंडक्टरला 'मास्तर' म्हणतात. मीही त्यांना तेच म्हणू लागलो आणि या लेखातही तेच म्हणेन. मास्तरांचे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीत संसार घालायचा आणि पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या साखर कारखान्याच्या फडावर जाऊन कोपी उभी करायची, ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांच्याबरोबर आलेली मुले कोणाच्याच हिशेबात नसत. मास्तर दहा वर्षांचे होईपर्यंत असेच वाढले. पुढे एका शिक्षकाच्या आग्रहामुळे ते गावी आजीजवळ राहिले, शिकले आणि खाकी गणवेशात आले.

कादंबरी लिहायला त्यांना जागा मिळाली ती मुक्कामी गाडीत. संध्याकाळची शेवटची गाडी आडवळणाच्या गावी जाते, रात्री तेथेच थांबते आणि पहाटे शाळेची मुले व दुधाच्या किटल्या घेऊन परत फिरते. चालक आणि कंडक्टर गाडीतच किंवा देवळाच्या ओसरीवर पथारी टाकतात. तिकिटांचा हिशेब जुळला की मास्तर वही काढीत. झोपण्यापूर्वी चालक विचारी, "मास्तर, आज कुठवर आलं?" आणि मास्तर त्या दिवशीची पाने वाचून दाखवीत. या चालकाला मी त्या कादंबरीचा पहिला संपादक मानतो. पाचव्या वहीत मुकादमाला पश्चात्ताप होऊन तो सगळ्यांच्या उचली माफ करतो, असा प्रसंग होता. चालक अंथरुणातून उठून बसला आणि म्हणाला, "मास्तर, आपल्या रूटवर असा मुकादम चढलेला मी तरी बघितला नाही." प्रसंग निघाला. बायबलमधील जक्कयाची गोष्ट शेकडो वेळा सांगितलेला मी, माझ्या मनाला तो प्रसंग रुचला असता. पण चालकाचे म्हणणे खरे होते.

जानेवारी 2020 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे 93वे अधिवेशन आपल्या जिल्ह्याच्या गावी भरले. संमेलनाध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. प्रकृती साथ देत नसतानाही ते आले आणि बोलले. पुढे 25 जुलै 2024 रोजी ते गेले. त्या तीन दिवसांत आम्हा कॅथॉलिकांच्या आनंदाला भरते आले होते, हे वेगळे सांगायला नको. मास्तर रजा काढून आले होते ते अध्यक्षांना पाहायला नव्हे, तर ग्रंथप्रदर्शनातल्या प्रकाशकांना भेटायला. पहिली वही त्यांच्या पिशवीत होती. प्रत्येक गाळ्यावर थोडा वेळ पुस्तके चाळायची आणि मग हळूच विचारायचे. बहुतेकांनी सौजन्याने पत्ता दिला आणि पोस्टाने पाठवायला सांगितले. संध्याकाळी मंडपाबाहेर मला भेटले तेव्हा त्यांच्या खिशात पाच-सहा व्हिजिटिंग कार्डे होती आणि एकच प्रश्न होता. "फादर, ज्याचं एकही पुस्तक नाही त्याचं पहिलं पुस्तक कोण छापतं?"

मार्चमध्ये टाळेबंदी आली, एस. टी. थांबली आणि मास्तरांनी त्या सक्तीच्या रजेत सहा वह्यांची सुवाच्य नक्कल केली. तिच्या छायाप्रती तीन ठिकाणी पाठवल्या. एका ठिकाणाहून काहीच उत्तर आले नाही. दुसरीकडून वर्षभराने दोन ओळींचा नकार आला. तिसरीकडून आलेले पत्र मोठे गोड होते. कादंबरी 'अत्यंत दर्जेदार' होती, फक्त लेखकाने 75 हजार रुपयांचा 'सहभाग' उचलायचा होता. 500 प्रती निघतील आणि त्यांतल्या 50 लेखकाला मिळतील. उरलेल्या प्रतींचे काय, यावर पत्रात अक्षर नव्हते.

मास्तरांच्या घरी तीन म्हशी. त्यांची पत्नी पहाटे उठून धारा काढते आणि दूध भट्टीवर जाते. घर खऱ्या अर्थाने त्यावर चालते. पत्र वाचून झाल्यावर ती म्हणाली, "एक म्हैस काढा. म्हैस पुन्हा घेता येती." मास्तरांनी हे मला सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात कृतज्ञता होती आणि भीतीही. मी सल्ला देण्यात सहसा घाई करीत नाही. त्या दिवशी केली. म्हैस विकू नका, म्हणालो.

येथे थोडे थांबून माझे मत नोंदवतो. लेखकाने स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणे यात मला कमीपणा वाटत नाही. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराच्या महाकादंबरीचा पहिला भाग प्रकाशकांनी नाकारला, तेव्हा 1913 साली तो लेखकाच्याच खर्चाने निघाला. आज जगात त्याची पारायणे होतात. आक्षेप आहे तो दुसऱ्या व्यवहाराला. लेखकाकडून सगळा खर्च वसूल करून वर आपले नाव छापणारा मनुष्य वाचक शोधायच्या भानगडीत पडत नाही, कारण त्याची कमाई आधीच झालेली असते. प्रकाशक जोखीम घेतो म्हणून तो प्रकाशक. जोखीम लेखकाचीच असेल तर हिशेब, प्रती आणि हक्क हेही लेखकाचेच असले पाहिजेत. मराठीत जोखीम घेणारे प्रकाशक झालेच नाहीत असे नव्हे. पंचवीस वर्षांच्या भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, ती काही लेखकाकडून पैसे घेऊन नव्हे. पण प्रत्येक वहीला असा माणूस भेटेलच, हे कोण सांगणार?

खरे तर मराठी कादंबरी जन्माला आली तीच आडवाटेने. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक ज्या पुस्तकाकडे बोट दाखवतात ते बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन', साल 1857. पदमनजी बेळगावचे, जन्म 1831 चा. 1854 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ते आपल्या कॅथॉलिक पंथाचे नव्हते, तरी सर्वच मराठी ख्रिस्ती माणसांना त्यांचे नाव आपले वाटते. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, वाटेत ठिकठिकाणी विधवांची दैन्यावस्था पाहतात, आणि पुढे यमुनेवरच वैधव्य येते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 चा, हे लक्षात घेतले म्हणजे पुस्तक किती ताज्या जखमेवर बोट ठेवीत होते ते कळते. तेव्हा मराठीत कादंबरीचा बाजारच नव्हता. कादंबरी हा शब्दही या अर्थाने रुळलेला नव्हता. शालोपयोगी पुस्तके, धर्मपर पुस्तके आणि पोथ्या एवढेच छापखान्यांचे विश्व होते, आणि सुधारणेच्या व धर्माच्या चळवळींनी वाचायची सवय लावलेला लहानसा वाचकवर्ग होता. त्या वर्गाच्या आधाराने सव्वीस वर्षांच्या लेखकाची ही गोष्ट बाहेर आली. धर्मप्रचाराचा शिक्का बसल्यामुळे ती पुढे बराच काळ बाजूला पडली. प्रचाराचा भाग तिच्यात आहे, तो नाकारून चालणार नाही. परंतु ज्या बायकांची दुःखे कोणी लिहून ठेवीत नव्हते ती तिने लिहून ठेवली.

हरिभाऊ आपट्यांची वाट निराळी. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' 1885 साली 'पुणेवैभव' या पत्रातून क्रमशः येऊ लागली. 1890 साली त्यांनी स्वतःचे 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' त्यातून हप्त्याहप्त्याने वाचकांच्या हाती दिली. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यावर तर एका बैठकीत वाचण्याजोग्या कादंबऱ्यांना हक्काचे घर मिळाले. मास्तरांनीही दोन दिवाळी अंकांकडे प्रकरणे पाठवली होती. त्यांतले एक छापून आले, मानधन आले नाही, अंक मात्र आला. तो अंक अख्ख्या भूम आगारात फिरून सुरळी होऊन परत मिळाला.

याहून मला महत्त्वाची वाटते ती 'ग्रंथाली'ची वाट. 1974 च्या अखेरीस मुंबईत दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वाचक चळवळ उभी केली. वाचकाने आधी पैसे भरून सभासद व्हायचे आणि पुस्तक स्वस्तात घ्यायचे, अशी कल्पना. छापण्याआधीच वाचक ठरलेला असल्याने नव्या, अनोळखी लेखणीवर विश्वास टाकता आला. दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली तेथूनच आले. ही दोन्ही आत्मकथने आहेत, कादंबऱ्या नव्हेत. पण ज्यांच्या घरात पुस्तक लिहिण्याची रीत नव्हती अशा माणसांना त्यांनी जे धैर्य दिले, त्यात मास्तरही आले. 'उपरा' त्यांनी वाचनालयातून आणून दोनदा वाचले होते.

आणि एक वाट दिल्लीच्या पदपथावरची. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे लक्ष्मण राव, जन्म 1952. तरुणपणी सूतगिरणीतले काम सुटले, वडिलांकडून 40 रुपये घेऊन घराबाहेर पडले, भोपाळला बांधकामावर मजुरी केली आणि 1975 साली दिल्लीला पोचले. गुलशन नंदांच्या कादंबऱ्या वाचून आपणही लिहावे असे त्यांना वाटू लागले होते. आयटीओ परिसरात हिंदी भवनाजवळ, विष्णू दिगंबर मार्गाच्या कडेला त्यांनी आधी पान-विडीचे आणि मग चहाचे दुकान मांडले. (रस्त्याला नाव आपल्या पलुस्करबुवांचे; दिल्लीने त्या मराठी माणसाला तेवढा आडोसा दिला म्हणायचे.) चहावाला कादंबरी लिहितो हे प्रकाशकांना पटेना. तेव्हा साठवलेल्या पैशातून 1979 साली त्यांनी आपली पहिली हिंदी कादंबरी स्वतःच छापली. पुस्तके सायकलला बांधून शाळाशाळांत आणि ग्रंथालयांत नेली, आणि दुपारनंतर पुन्हा चहा. 'रामदास' ही त्यांची पुढची कादंबरी गावच्या नदीत बुडालेल्या एका मुलाच्या आठवणीतून आली, आणि 2003 साली तिला दिल्लीत पुरस्कारही मिळाला. मधल्या काळात त्यांनी पत्रद्वारे शिकून पदवीही घेतली. वीस-पंचवीस पुस्तके त्यांच्या नावावर आहेत.

लक्ष्मण रावांविषयीचे एक कात्रण मी मास्तरांना दिले. ते त्यांनी तिकिटांच्या पेटीत ठेवले. मला वाटले होते त्यांना सायकलीचे कौतुक वाटेल. त्यांनी वेगळेच विचारले. "फादर, पुस्तक विकायला ते शाळेत गेले. पण त्यांच्या गावात कोणी वाचलं का ते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मास्तरांच्या मनात काय आहे ते मात्र मला त्या क्षणी समजले. ज्यांच्यावर लिहिले त्यांनी ती वाचावी किंवा ऐकावी, ही त्यांची इच्छा होती. पुण्या-मुंबईची मान्यता त्यांना नंतरची.

सरळ वाट अगदीच बंद होती असेही नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशा नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते, आणि त्यात कादंबरीही बसते. ही योजना चांगली आहे. आपल्या धर्मग्रामांतील लिहित्या तरुणांनी तिची माहिती अवश्य करून घ्यावी. मास्तरांनी अर्ज भरायला घेतलाही. पण अर्ज, तज्ज्ञांचे अभिप्राय, निवड, मग प्रकाशक, मग छपाई, याला लागायचा तो वेळ लागणारच. मास्तरांची आई ऐंशीच्या पुढे गेली होती. तिला अक्षरओळख नाही. कादंबरी तिचीच होती. अर्ज ड्रॉवरमध्ये राहिला.

2023 च्या उन्हाळ्यात, ऊसतोडीची माणसे पट्टा पडून गावी परतली होती तेव्हा, मास्तरांच्या अंगणात वाचन सुरू झाले. कल्पना माझी नव्हे, त्या चालकाची. मी दर आठवड्याला जाऊन बसत असे. सेमिनरीत असताना आमच्या भोजनगृहात एकाने उभे राहून पुस्तक वाचायचे आणि बाकीच्यांनी मौनाने जेवायचे, अशी पद्धत होती. कंटाळवाणे पान आले की चमच्यांचा आवाज वाढतो, हे मी तेथे शिकलो. अंगणातल्या श्रोत्यांजवळ चमचे नव्हते. ते उठून पाणी प्यायला जात. मास्तर त्या जागी पेन्सिलीने खूण करीत. महिनाअखेर जवळजवळ साठ पाने गळाली. निसर्गवर्णने बहुतेक सगळी गेली. मला त्यांतली दोन आवडली होती, पण मी गप्प राहिलो.

मराठी ख्रिस्ती माणसाला या ऐकण्याचे नवल वाटू नये. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो चर्चमध्ये म्हटला जात असल्यामुळे आणि लोकांनी हाताने उतरवून ठेवल्यामुळे. त्या हस्तलिखितांच्या आधारे 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापता आला.

मास्तरांची आई खाटेवर पडून ऐके. दुरुस्त्या करी त्या बारीक. कोपीचे तोंड कोणत्या दिशेला ठेवतात, मोळी बांधायला काय वापरतात, वाढे विकून आलेल्या पैशातून बाई काय आणते. एका रात्री तान्ह्या मुलीच्या मृत्यूचे प्रकरण निघाले. मास्तरांची एक बहीण फडावर जन्मली आणि दीड वर्षाने दुसऱ्या फडावर तापाने गेली. कादंबरीत तिला दुसरे नाव होते. मास्तर चार ओळी वाचून झाले असतील, तोच म्हातारी उठून बसली.

"हे कोण?"

"आई, गोष्टीत नाव बदलावं लागतं."

"का?"

मास्तरांनी समजावण्याचा प्रयत्न केला. म्हातारी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आरं, तिचं नाव कुणाच्या कागदावर हाय? दाखल्यात न्हाई, रेशनात न्हाई. साळंत गेली असती तर तिथं तरी लागलं असतं. तू बी बदलतूस व्हय?"

अंगणात कोणी बोलले नाही. त्या रात्री पुढे वाचन झाले नाही.

कादंबरीत खरे नाव ठेवावे की नाही, यावर मास्तर आणि मी पुढे आठवडाभर वाद घातला. त्यांचे म्हणणे असे की बाकी सगळी पात्रे कल्पित, मुकादम कल्पित, कारखानासुद्धा कल्पित. त्यांत एकच नाव खरे ठेवले तर कादंबरीचा तोल जाईल आणि ती धड आत्मकथाही होणार नाही. समीक्षक असे म्हणतील, याची त्यांना धास्ती होती. मी म्हटले, तुमच्या कादंबरीला अजून एकही समीक्षक मिळालेला नाही, आणि आई मात्र मिळालेली आहे. ते हसले नाहीत. पण नाव बदलले, म्हणजे खरे केले. ते नाव मी येथे लिहीत नाही. ते पुस्तकात आहे.

यानंतरचे सगळे हिशेबाचे. प्रकाशक म्हणून मास्तरांनी पत्नीचे नाव घातले. तिच्या म्हशी राहिल्या, तेव्हा मान तिचाच. आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय यंत्रणा तो देते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून नवलेखकांनी सावध राहावे. वहीतला मजकूर डीटीपी करून घेतला, तीन मुद्रिते झाली. पहिले मास्तरांनी तपासले, दुसरे मी, तिसरे बारावीत शिकणाऱ्या त्यांच्या भाचीने, आणि सर्वांत जास्त चुका तिला सापडल्या. 'उस्मानाबाद' की 'धाराशिव' हा प्रश्नही आला, कारण जिल्ह्याचे नाव त्याच वर्षी बदलत होते. शेवटी पत्त्यात नुसते 'भूम' आणि पिनकोड ठेवला. पाने 224, म्हणजे चौदा फर्मे, प्रती 300. डीटीपी, मुखपृष्ठ, कागद, छपाई आणि बांधणी मिळून 42 हजार रुपये झाले. किंमत 200, प्रकाशनपूर्व सवलतीत 150. आगारातले कर्मचारी, शिक्षक, खवा भट्टीवाले, आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे आणि मुक्कामाच्या गावांतले लोक मिळून 140 जणांनी आगाऊ पैसे भरले, म्हणजे निम्मा खर्च तेथेच निघाला. छापखान्याने उरलेल्या पैशांसाठी तीन महिने दिले.

ऊसतोड कामगारांकडून मात्र मास्तरांनी आगाऊ पैसे घेतले नाहीत. तेव्हा उचली वाटायला सुरुवात झाली होती. "उचलीतले पैसे पुस्तकाला नकोत," एवढेच ते म्हणाले. दर टोळीला एक प्रत त्यांनी तशीच दिली. पुस्तक दिवाळीच्या आधी आले, समारंभ झाला नाही, आणि टोळ्या निघाल्या तेव्हा काही प्रती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यांत होत्या. त्यांतली एक कोल्हापूरकडच्या फडावर मोठ्याने वाचली जाते, असा मुकादमाच्या पोराचा फोन आला. मुकादमाने ती ऐकली की नाही हे त्याने सांगितले नाही.

मास्तरांच्या आईने पुस्तक हातात घेतले, उलटेच धरले आणि विचारले, "कुठं हाय?" मास्तरांनी पान काढून त्या शब्दावर तिचे बोट ठेवले. पान 131. भाचीने तेथे एक दोरा घालून ठेवला आहे. पुढच्या पावसाळ्यात म्हातारी गेली.

उरलेल्या प्रती वर्षभरात संपल्या. दुसरी आवृत्ती काढावी की तीच वही आता एखाद्या मोठ्या प्रकाशकाला दाखवावी, यावर घरात खल चालू आहे. मास्तर निवृत्त झाले आहेत आणि चालक म्हणतो, दुसरी कादंबरी लिहा, मी ऐकायला आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयाला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि दिल्लीच्या सार्वजनिक ग्रंथालयाला, प्रसिद्धीपासून 30 दिवसांच्या आत पाठवायची असते. पुष्कळ जण हे करीत नाहीत. मास्तरांच्या पत्नीने केले, कारण कागदावर प्रकाशक ती होती. भूमच्या पोस्टात चार पाकिटे घेऊन ती उभी राहिली तेव्हा मी मागे रांगेत होतो. कारकुनाने वजन केले, पत्ते वाचले आणि विचारले, "कोलकात्याला कोण आहे तुमचं?"

"नणंद," ती म्हणाली, आणि सुटे पैसे मोजू लागली.